फुंकरसाठी चिलखत

चिलखताची निवड एकट्या माणसाने, तेही बसल्या बैठकीला, करू नये, असं निवृत्त भांडारपालांचं ठाम मत होतं. एका कारखान्याच्या भांडारात त्यांनी एकतीस वर्षं हेल्मेट, हातमोजे, बूट आणि डोळ्यांवर लावायचे चष्मे सांभाळले होते. एवढ्या काळात त्यांच्या ताब्यातल्या एकाही हेल्मेटला ओरखडा गेला नव्हता. तपासनीस यायचे, फळीवर ओळीने मांडलेली, वेष्टनसुद्धा न काढलेली हेल्मेटं बघायचे आणि समाधानाचा शेरा मारून जायचे. कामगारांची डोकी अधूनमधून फुटायची. पण डोकी भांडारात जमा नसल्यामुळे तो विषय दुसऱ्या विभागाचा होता.

अशा माणसावर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून, मुळात अस्तित्वातच नसलेल्या एका वैदू बाईसाठी चिलखत निवडायची वेळ आली, ती बायकोमुळे.

बायको जाऊन अकरा महिने झाले होते. ती असताना सहा वर्षं दर रविवारी दुपारी तीनला घरातून निघायची आणि सहाला परत यायची. कुठे चाललीस विचारलं की "दवाखान्यात" म्हणायची. दंतवैद्य तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, त्यामुळे भांडारपालांनी पुढे चौकशी केली नाही. सहा वर्षं उपचार चालू आहेत आणि दात शेवटपर्यंत शाबूत आहेत, म्हणजे भाचा हुशार आहे, एवढंच त्यांनी ताडलं होतं. प्रत्यक्षात रविवारी दवाखाना बंद असायचा आणि बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी लोक गाल धरून बसतात, तिथे टेबल मांडून खेळ चालायचा.

खेळ असा. भाचा सूत्रधार. तो एक जग सांगायचा: डोंगर, डोंगरात गुहा, गुहेत ड्रॅगन आणि पायथ्याला तीनशे चाळीस वस्तीचं गाव. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. पात्राची सगळी कुंडली एका कागदावर असायची: बळ किती, चपळाई किती, अंगावर काय. ड्रॅगन भाच्याने दातांच्या साच्याच्या प्लास्टरमधून घडवला होता आणि त्याला एका न नेलेल्या कवळीचे दात बसवले होते. ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई तिरंदाज होत्या. मोटार चालवायला शिकवणारे एक गृहस्थ, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते योद्धा होते. आणि भांडारपालांची बायको फुंकर नावाची वैदू होती. फुंकरने जखमेवर फुंकर घातली की जखम भरायची.

वर्षभर कोणी न खेळलेलं पात्र बाद होतं, असा खेळाचा नियम होता. भाचा घरी आला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला की अजून चार रविवार आहेत, त्यानंतर मावशीची फुंकर काढून टाकावी लागेल. तेव्हा काका, तुम्ही बसता का. भांडारपाल आयुष्यात सापशिडीसुद्धा खेळले नव्हते. त्यांनी कागद हातात घेतला. अक्षर बायकोचं होतं. चपळाई अठरा. बळ सहा. चिलखत या शब्दापुढे एक आडवी रेघ.

ते रविवारी गेले आणि पहिला प्रश्न त्या रेघेबद्दल विचारला.

"मावशीला नको होतं चिलखत," भाचा म्हणाला.

ग्रंथपालबाईंनी जास्त खुलासा केला. जखमी माणूस नेहमी लांबच पडलेला असतो, बकलं लावत बसलं तर तोवर तो जातो, असं ताईंचं म्हणणं असायचं. ताई बाकी सगळ्यांच्या आधी पोचायच्या. भांडारपालांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग हिला लागलं तर? भाच्याने सांगितलं, की चिलखताला एक आकडा असतो, ड्रॅगनचा फासा त्या आकड्याला पोचला तर वार लागतो. बिनचिलखताच्या फुंकरला नऊ पडले तरी लागेल आणि एका वारात ती जाईल. भांडारपालांनी बोटांवर हिशोब केला. विसातले बारा आकडे तिच्या विरुद्ध होते. आणि या लोकांनी तिला सहा वर्षं तसंच फिरू दिलं होतं.

"पुन्हा नाही," ते म्हणाले. कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही.

नियमपुस्तकात चिलखतांची यादी होती: कातडी, कड्यांचं, पोलादी पत्र्याचं. भांडारपालांनी विचारलं, की मापं कुठली आहेत, बायकांचं वेगळं येतं का, पोलाद कोणी तपासलं, आणि तपासल्याचा दाखला कुठे आहे. भाचा म्हणाला, की काका, हे सगळं कल्पनेतलं आहे. भांडारपाल म्हणाले, की कल्पनेतलं आहे म्हणूनच कसून तपासायला हवं, कारण उद्या फुटलं तर परत कोणाकडे पाठवणार? त्यांनी खिशातून कोरा कागद काढून मागणीपत्र लिहिलं. मागणीपत्रावर निर्णय घ्यायला समिती लागते, म्हणून समिती झाली. पहिल्याच बैठकीत चार नियम ठरले. चौथा नियम भांडारपालांचा स्वतःचा होता: वस्तू ज्याच्या नावावर दिली, त्याच्याच सहीने ती परत घेतली जाईल.

त्या रविवारी खेळ झाला नाही. पण ड्रॅगन हा सूत्रधाराच्या हातात होता आणि नियमाप्रमाणे, कोणी अडवायला गेलं नाही तर, तो दर रविवारी गावात उतरायचाच. भाच्याने फासा टाकला. बारा पडले, बारा गावकरी गेले. इतिवृत्तात नोंद झाली.

समितीचा असा अनुभव आहे, की ती झाली की माणसं खुलतात. मास्तर अध्यक्ष झाले. सव्वीस वर्षं हा माणूस शिकाऊ चालकाच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. अध्यक्षपद म्हणजे तेच काम, फक्त मोटार नाही. ग्रंथपालबाई सचिव झाल्या. ग्रंथालयात पुस्तकं न्यायला माणसं येईनाशी झाली होती. इथे मात्र कागद आपल्या पायांनी येत होते आणि प्रत्येकाला शिक्का हवा होता. सहा वर्षं रविवारी सहाला घरी जाणारी ही मंडळी आता साडेसात वाजले तरी उठत नव्हती.

समितीने पोलादी पत्र्याचं चिलखत योग्य ठरवलं. त्याला पंधरा बळ लागायचं. फुंकरचं सहा होतं. विशेष बाब म्हणून नऊ बळाची सूट द्यायची, तर वैद्यकीय दाखला हवा. खोलीत वैद्य एकच, पण तोच ड्रॅगन. ज्याला खायचंय त्यानेच तब्येतीचा दाखला द्यायचा, हे मास्तरांना पटेना. यावर दोन रविवार गेले. अखेर भाच्याने फक्त दंतवैद्य म्हणून लिहून दिलं: "दात उत्तम. बाकी माझ्या अखत्यारीत नाही." समितीने दाखला स्वीकारला, कारण त्यावर शिक्का होता.

मग चाचणी. चाचणीला निवांत जागा हवी, निवांत जागा डोंगरावरच, आणि डोंगरावरचा एकमेव रहिवासी ड्रॅगन. त्यामुळे त्याचं ना-हरकत प्रमाणपत्र मागवण्यात आलं. भाचा आधी हसला, मग चिडला, मग ड्रॅगनच्या वतीने लिहिता झाला: "हरकत आहे. मला ती चावता आली पाहिजे." हरकत विहित नमुन्यात नसल्यामुळे फेटाळली गेली. ड्रॅगनने नव्या नमुन्यात अर्ज करावा, असं कळवण्यात आलं. त्या रविवारी अठरा गावकरी गेले. ड्रॅगन चिडला होता, असं सूत्रधाराचं म्हणणं. समितीने चिडण्याची नोंद घेतली नाही, अठराची घेतली.

नवव्या रविवारी, गाव दोनशे एक्कावन्नावर आलं असताना, गावच्या मुखियाचं पत्र आलं. भाच्याने ते वाचून दाखवलं. चिलखत असो वा नसो, कोणीतरी या, एवढंच त्यात होतं. "दखल घेण्यात आली," असं इतिवृत्तात लिहून मुखियाने पुढच्या रविवारी मूळ कागदपत्रांसह समक्ष यावं असं ठरलं. पुढच्या रविवारी सतरा पडले आणि त्या सतरांत मुखिया होता. "अर्जदार अनुपस्थित, सबब प्रकरण निकाली."

भांडारपालांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. ते फटी शोधत होते. घरी जेवणाच्या टेबलावर चिलखताचं चित्र काढून ते बोटाने चाचपत बसायचे. काखेत फट होती, तिथे जाळी बसवली. मानेपाशी होती, तिथे पट्टी. गुडघा वाकतो तिथे फट राहतेच असं भाचा म्हणाला, तेव्हा गुडघा वाकण्याची गरज तपासून पाहण्यात आली आणि ती आढळली नाही. डोळ्यांच्या भोकांचं काय करायचं यावर मतभेद झाले. मास्तरांचं म्हणणं, समोर बघितल्याशिवाय माणूस पुढे कसा जाईल? भांडारपाल म्हणाले, की पुढे जावं असं कुठे लिहिलंय? नियमपुस्तकात तसं खरंच कुठे नव्हतं. डोळे बंद झाले. पाठोपाठ तोंडही.

"काका," भाचा म्हणाला, "ती फुंकणार कशी?"

"आधी जगू दे तिला. फुंकायचं मग बघू."

बाविसाव्या रविवारी चिलखत मंजूर झालं. आकडा एकोणतीस. फाशावर वीसच्या पुढे काही नसतं, त्यामुळे जगातला कुठलाही वार फुंकरला लागू शकत नव्हता. भांडारपालांनी बायकोच्या अक्षराखाली, पेन्सिलीने, एकेका भागाची एकेक ओळ लिहिली. ओळी बावीस झाल्या. चपळाईच्या अठराशेजारी, पेन्सिलीनेच, शून्य आलं. गावात त्या दिवशी एकशे बावीस माणसं उरली होती. भांडारपाल घरी गेले आणि वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

चिलखत उत्कृष्ट निघालं, यात वादच नाही. ड्रॅगनने एकदा थेट वीस टाकले, तरी आत धक्कासुद्धा पोचला नाही. पुढे पुढे तो तिच्या खांद्यावर पाठ खाजवून गावात उतरायला लागला. उरलेले गावकरी पत्ता सांगताना "फुंकरपासून डावीकडे वळा" असं सांगायचे. ही सगळी माहिती भाचा खाली मान घालून द्यायचा, आणि भांडारपाल दर वेळी एकच विचारायचे: "हिला काही झालं नाही ना?" काही झालेलं नसायचं.

सत्ताविसाव्या रविवारी मास्तरांचा योद्धा पाहणी दौऱ्यावर गेला असता ड्रॅगनने त्याला फोडला. तो फुंकरपासून चार पावलांवर पडला. नियमाप्रमाणे जीव जायच्या आत त्याच्याकडे तीन डाव होते.

मास्तरांनी भांडारपालांना हात जोडून विनंती केली, की साहेब, वहिनी अशा वेळी थांबत नव्हत्या, एक फुंकर घाला. भांडारपालांनी कागद पाहिला. चपळाई शून्य. तोंडाची पट्टी उघडायची तर अर्ज, अर्जावर छाननी, छाननीनंतर अध्यक्षांची सही. अध्यक्ष जखमी होते. त्यांनी स्वतःच दाखवून दिलं, की सही करण्याच्या स्थितीत ते नाहीत. तीन डाव संपले. मास्तरांनी स्वतःच्या योद्ध्यासाठी शोकप्रस्ताव मांडला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि मग त्यांनी पुढचा विषय घेतला. तीन रविवारांनी ग्रंथपालबाईंची तिरंदाज गेली. बाईंनी वेळ टिपून ठेवली. पात्र गेल्यामुळे दोघांचीही खेळायची कटकट मिटली आणि समितीच्या कामाला चांगलाच वेग आला.

चौतिसाव्या रविवारी भाच्याने फासा टाकला आणि पाहिला. मग म्हणाला, की गावात आता एकच बाई उरली आहे. जखमी आहे. फुंकरपासून वीस पावलांवर पडली आहे आणि हाका मारते आहे.

"कोणाला?" भांडारपालांनी विचारलं.

"फुंकरला. दुसरं आहे कोण? मागे एकदा हिचा हात भाजला होता, तेव्हा मावशी गेली होती. मी फासा टाकायच्या आधीच उठून उभी राहिली होती, इथे, या बाकापाशी. मी म्हटलं, मावशी, बसून खेळ. तर म्हणाली, बसून कसं पोचणार?"

भांडारपालांनी बाकाकडे पाहिलं. एका टोकाला आवरण फाटलं होतं. मग ते म्हणाले, "काढा ते चिलखत."

मास्तरांनी नियम क्रमांक चार वाचून दाखवला. वस्तू फुंकरच्या नावावर आहे, तेव्हा सही फुंकरची लागेल. शिवाय धारक बारा रविवार हलला नसल्यामुळे तो जिवंत आहे असं समिती परस्पर धरून चालू शकत नाही. आधी हयातीचा दाखला.

हा नमुना भांडारपालांना पाठ होता. निवृत्तिवेतनासाठी ते दर वर्षी स्वतःचा द्यायचे. मागच्या वर्षी त्याच्या उलट प्रकारचा कागद घेऊन ते सात खिडक्यांवर उभे राहिले होते, आणि सातही ठिकाणी आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं होतं, की स्वतः का नाही आल्या? त्यांनी पेन काढलं. "मी लिहून देतो की, फुंकर ही हयात असून मी तिला आज रोजी प्रत्यक्ष पाहिले आहे." पुढचा रकाना दाखला देणाऱ्याचं धारकाशी असलेलं नातं, असा होता. त्यांनी "नवरा" लिहिलं. ग्रंथपालबाईंनी ते वाचलं, शिक्का उचलला आणि थोडा वेळ तसाच हातात धरून ठेवला. मग आवक क्रमांक टाकला.

मास्तर म्हणाले, की कागद आता अगदी परिपूर्ण आहे. फक्त हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही, तो पुढच्या रविवारी घेऊ.

"ती बाई अजून हाका मारतेय?" भांडारपालांनी विचारलं.

"अजून मारतेय," भाचा म्हणाला.

टेबलावर खोडरबर होतं. भांडारपालांनी नोकरीत कधी काही खोडून काढलं नव्हतं. चुकलं तर आडवी रेघ मारून बाजूला सही, हा नियम. त्यांनी रबर घेतलं आणि बावीसच्या बावीस ओळी, त्या शून्यासकट, घासून काढल्या. मास्तर हरकत घेत होते, ती इतिवृत्तात आहे. कागद एका ठिकाणी फाटला. खालचं अक्षर शाईतलं होतं, ते राहिलं.

"पळते," ते म्हणाले. म्हणताना ते उभे राहिले होते.

चपळाई अठरा, वीस पावलं, एका डावात. भाचा म्हणाला, की पोचली. भांडारपाल म्हणाले, की फुंकते. भाचा म्हणाला, की जखम भरली, बाई उठून बसली. आता डाव ड्रॅगनचा होता.

भाच्याने फासा टाकला आणि तो थांबायच्या आत त्यावर पालथा हात ठेवला.

"हुकला, काका."

"हात उचल."

"हुकला म्हणतोय ना मी."

"अरे, हात उचल तू."

हाताखाली चौदा होते. नऊ पुरले असते. भाचा रडायला लागला, आणि दंतवैद्य असूनही त्याला काय करावं ते कळेना. भांडारपालांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग फुंकरचा कागद जपून चार घड्या घालून खिशात टाकला.

पुढच्या रविवारी समितीने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली: मंजूर चिलखत विनापरवाना उतरवून पात्राचं नुकसान का केलं? भांडारपालांनी एका ओळीत उत्तर दिलं, की ती पोचली होती. उत्तर असमाधानकारक ठरलं. त्यांना समितीतून काढण्यात आलं, पण बाकावर बसण्याची मुभा राहिली.

त्यानंतर समितीने गावाची चौकशी हाती घेतली. तीनशे एकोणचाळीस गावकरी गेले, हे मान्य झालं. मात्र त्यांच्यापैकी एकाचंही चिलखतासाठी मागणीपत्र आलं नसल्याचं आढळलं, त्यामुळे दोष कोणाकडेच जात नव्हता. अहवालाला जोडायला ग्रंथपालबाईंनी मृतांची नावं मागितली. भाचा म्हणाला, की नावं ठेवलीच नव्हती, गावकरी नुसते मोजायला होते. वाचलेल्या बाईलाही नाव नव्हतं. रकाना कोरा सोडता येत नाही म्हणून ते शेवटी बाकावरून भांडारपालांनी सुचवलं आणि कसलीही चर्चा न होता नोंदलं गेलं.

अहवाल वाचून समितीला हसणाऱ्या वाचकांचे समिती मनापासून आभार मानते. गाव तीनशे चाळिसांचं होतं आणि एकाचं झालं, तोवर आपणही इथेच होतात आणि काखेतली फट बुजली की नाही, तेच पाहत होतात. अशा अनुभवी माणसांची समितीला नेहमीच गरज असते. सध्या एक जागा रिकामी आहे. त्या बाईचं नाव काय ठेवलं, ते मागणी आल्यास कळवलं जाईल. तशी मागणी अद्याप कोणाकडूनही आलेली नाही.